पत्र्यावर पाऊस, पेटीत सहारा

(पत्र्यावरचा पाऊस. अरुंद जिना. निवेदन माडीचं दार उघडल्यावर.)

जुलै महिना. पंचगंगा चढतेय, भिंतींना ओल आलीय, दोरीवरचे कपडे तीन दिवस झाले तरी दमटच आहेत. आणि मंगळवार पेठेतल्या या माडीवर, एका काचेच्या पेटीत, सहारा कोरडा ठेवायचा आहे.

पेटीत आहे अँड्रोक्टोनस ऑस्ट्रॅलिस. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातला जाड शेपटीचा विंचू. अँड्रोक्टोनस म्हणजे ग्रीकमध्ये ‘माणूस मारणारा’. सगळ्यांची नजर नांगीवर जाते. तुम्ही आधी पुढचे चिमटे बघा. किती बारीक आहेत! चिमटे बारीक आणि शेपटी जाड, असा विंचू ताकदीवर नाही, विषावर जगतो.

आता पाळणाऱ्याचे हे हात बघा. वाळू लोखंडी तव्यावर भाजून, परातीत गार करून, मगच पेटीत जाते. चार बोटं जाडीचा थर, वर फुटक्या कौलाचा तुकडा. ऊब एकाच बाजूला, म्हणजे कुठे बसायचं ते विंचवानं ठरवायचं. गुळगुळीत काच त्याला चढता येत नाही. कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर मात्र पाय रोवतो, म्हणून कोपरे रोज तपासायचे. दहा-बारा दिवसांनी एक रातकिडा, तोही लांब चिमट्यानं. हात कधीच आत नाही. नागाला गळ्यात घालून फोटो काढणाऱ्यांनी ही शिस्त बघावी.

विष मज्जातंतूंवर आणि हृदयावर जातं. आपल्याकडे मिळणारी लस लाल विंचवाच्या विषावरची आहे, याच्या नव्हे.

(दिवा बंद. अतिनील टॉर्च.)

हा रंग कॅमेऱ्यानं चढवलेला नाही. विंचवाच्या कवचातली द्रव्यं अतिनील प्रकाशात अशी हिरवी-निळी उजळतात.

विंचू कात टाकतो ती ही रात्र पकडायला आम्ही अकरा दिवस इथे येत होतो. डोक्याकडची कवचाची कड उकललीय. त्यातून आधी तोंड, मग चिमटे, एकेक पाय, आणि सगळ्यात शेवटी शेपटी. वाढीच्या काळात प्रत्येक वेळी हे सगळं नव्यानं. पाळणारा श्वास रोखून बसलाय, पेटीला धक्कासुद्धा लागू देत नाही. अंग अडकलं तर विंचू वाचत नाही.

आता टॉर्चखाली दोघं शेजारी बघा. टाकलेली कात झगझगते आहे. बाहेर आलेला विंचू मात्र फिका, जवळजवळ विझलेला. नवं कवच टणक होत जाईल तशी ती चमक परत येईल.

घरात, शेतात विंचू दिसला की आपल्या हाती आधी पायताण येतं. या घरातही यायचं.

(पहाट. पाऊस चालू. जिन्यातून आईचा आवाज: “झाकण लावलंस न्हवं?” कडी लागल्याचा आवाज.)