सॅटर्नाइन: शनीवरून आलेला शब्द

नमस्कार श्रोतेहो. आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय, सॅटर्नाइन. घुमा, कपाळावर कायम आठी, बोलणार मोजकं आणि तेही दरडावून, सणासुदीलाही चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, अशा माणसाला इंग्रजीत सॅटर्नाइन म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक वाडीत असा एक तरी आजोबा असतोच आणि पोरं त्याच्या आगरातल्या कैऱ्यांना हात लावायला धजत नाहीत.

सॅटर्न म्हणजे आपला शनी. मध्ययुगात युरोपातले ज्योतिषी म्हणायचे की ज्या ग्रहाच्या अमलाखाली जन्म तसा स्वभाव, म्हणजे गुरूचा तो जोव्हियल, आनंदी, बुधाचा तो मर्क्युरियल, चंचल, आणि शनीचा तो सॅटर्नाइन. आता शनीच्याच वाट्याला ही उदासी का, तर १७८१ मध्ये युरेनस सापडेपर्यंत माणसाला माहीत असलेला सगळ्यात लांबचा ग्रह तोच, सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तो थंड, कोरडा, म्हातारा असं ठरून गेलं. आपणही त्याला शनैश्चर म्हणतो, हळू चालणारा. ती साडेएकोणतीस वर्षं बारा राशींत वाटली की एका राशीला जवळपास अडीच येतात, आणि जन्मराशी, तिच्या मागची, पुढची अशा तीन धरल्या की झाली साडेसाती! शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ घालताना मनात जी धाकधूक असते ना, तिच्यामागे हा एवढाच हिशोब आहे. ग्रीकांचं ज्योतिष इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतात येऊन पोचलं, त्यामुळे इतकं जुळतंय यात नवल नाही.

खरं तर रोमन लोकांचा सॅटर्न हा शेतीचा देव. १७ डिसेंबरला त्याचा उत्सव सुरू व्हायचा, त्यात खाणंपिणं, जुगार सगळं चालायचं आणि गुलामांना मालकाच्या बरोबरीनं वागायची मुभा असायची. त्याच देवाच्या नावावर असं पडलेलं तोंड चिकटावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण शब्द इथेच थांबत नाही. किमयागारांनी धातूसुद्धा ग्रहांना वाटून दिले होते, सोनं सूर्याला, चांदी चंद्राला आणि जड, काळपट शिसं शनीला. म्हणून शिशाच्या विषबाधेला सॅटर्निझम म्हणतात. यात पोटात कळा येतात, अंगातलं रक्त कमी होतं, मनगट लुळं पडतं, माणूस चिडचिडा आणि उदास होतो. म्हणजे खरोखरचा सॅटर्नाइन, आणि यात ग्रहाचा काडीचा दोष नाही.

हे मुद्दाम सांगतोय कारण शिसं आपल्या किनाऱ्यावर घराघरात आहे. पागाच्या, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्याच्या, घेराला ज्या गोळ्या असतात त्या शिशाच्या, गळाला वजन म्हणून लावतात तेही बहुतेक शिसंच, आणि कितीतरी जण ती गोळी दातानं दाबून दोरीवर बसवतात. काही जण तर परसात चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओततात आणि पोरं बाजूला बघत उभी. मंडळी, दात नको, पकड वापरा. वितळवायचं काम घरापासून लांब करा, पोरांना आणि पोटुशी बाईला तिथे फिरकू देऊ नका, आणि पाग हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. पोराचं पोट सारखं दुखत असेल, ते विनाकारण किरकिर करत असेल तर डॉक्टरांना सांगा की आमच्या घरात शिशाचं काम चालतं, रक्तात शिसं किती आहे ते तपासता येतं.