तीनची तार दोनला

उद्यमनगरातली ही शेड, बाहेर लेथ चालूय आणि आत टेबलावर हा बोर्ड. झेड-८० ही प्रोसेसर चिप आहे ह्याच्यावर, १९७६ साली बाजारात आलेली, आणि बाकीचं सगळं काकांनी स्वतः कथलाचा डाग देऊन जोडलंय. शेजारचा मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरनं डेटा पाठवणारा डबा, भंगारातनं आणलेला. दोघांच्या मधे केबल पाहिजे, आणि तयार मिळते की, पण काका म्हणतात तयार आणली तर आत काय चाललंय ते पोरांना कधी कळायचं?

बोर्डाला नऊ पिनांचा कनेक्टर, मोडेमला पंचवीसचा. दोन्ही आरएस-२३२ चे, तारेवरनं एकेक बिट डेटा पाठवायचं हे १९६० पासूनचं स्टँडर्ड. नऊवाल्यात बोर्डाचा डेटा ३ वरनं जातो, २ वर येतो, ग्राउंड ५. पंचवीसवाल्यात बोर्डाकडनं जाणारा २ वर, बोर्डाकडं येणारा ३ वर, ग्राउंड ७. म्हणून ३ ची तार २ ला आणि २ ची ३ ला, बघणाऱ्याला वाटतं क्रॉस केली, पण नाही, ही सरळच केबल आहे, नुसते नंबर वेगळे. क्रॉस लागते ती दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना.

आता हे जवळनं बघा. पिनांशेजारी प्लास्टिकवर आकडे आहेत, भिंगाशिवाय दिसत नाहीत. डाग मागनं द्यायचा आणि मागनं क्रम उलटा दिसतो, त्यामुळं प्रत्येक वेळी आकडा वाचायचाच. आधी तारेवर स्लीव्ह, म्हणजे जोड झाकायची नळी, सरकवून ठेवायची, मग तारेच्या टोकाला कथील, मग पिनेच्या खोबणीत थोडं कथील वितळवून तार आत सोडायची आणि कथील गोठेपर्यंत हात अजिबात हलवायचा नाही. काकांचा हात बघा फक्त.

डीटीआरची, म्हणजे बोर्ड तयार आहे हे मोडेमला सांगणारी तारही सोडायची नाही, ४ वरनं २० ला, तो सिग्नल पडला की बरेच मोडेम लागलेली लाइन तोडतात.

बोर्ड चालतो ५ व्होल्टवर, आरएस-२३२ ला मात्र प्लस आणि मायनस दोन्ही व्होल्टेज लागतात, मायनस म्हणजे १, प्लस म्हणजे ०. ते काम ही मॅक्स-२३२ चिप करते, चार कपॅसिटरच्या जोरावर, वेगळा सप्लाय लागत नाही.

मल्टिमीटर, एकेक पिन, बीप, म्हणजे जोड लागलाय. मोडेमला हाक मारायची कमांड एटी, ती टाइप केली, एंटर, स्क्रीनवर ओके.

जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनांत प्रोग्राम ह्याच पोर्टनं जातो, केबल गेली की मशीन अडतं. पोरांनी पुढची केबल त्याच्यासाठीच करायला घेतलीय.