मनश्शेची ५५ वर्षं

मंडळी, मराठी बायबल क्रमानं वाचायला घेतलेला माणूस बहुधा ‘इतिहास’पाशी येऊन अडतो. आधी नऊ अध्याय नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. पुढे दावीद, शलमोन, मग यहूदा या ज्यू राज्याचे राजे. हे तर ‘शमुवेल’ आणि ‘राजे’मध्ये आत्ताच वाचलं की! मग तो भराभर पानं उलटतो. ग्रीक भाषांतरकारांनाही ही पुरवणीच वाटली. त्यांनी नावच ठेवलं ‘राहून गेलेल्या गोष्टी’. गंमत म्हणजे या पुरवणीनं गाळलंही बरंच. दाविदानं बथशेबेला आणवलं, तिच्या नवऱ्याला युद्धात मरायला पाठवलं, ते सगळं प्रकरण इथे नाहीच.

आज मी एकच राजा घेतो. मनश्शे. बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ५५ वर्षं राहिला. यहूदात एवढा काळ दुसरं कुणी टिकलं नाही.

‘राजे’मधला मनश्शे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत काळाकुट्ट. बआल या परक्या देवाच्या वेद्या, मंदिरात अशेरा देवीची मूर्ती, पोटच्या पोराला अग्नीत दिलं, निरपराधांच्या रक्तानं यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. आणि मेला कसा? निवांत. वाड्याच्या बागेत त्याला पुरलं. शिक्षा भोगली पुढच्यांनी. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, फौजेनं यरुशलेम जाळलं, त्याचं खापर हे पुस्तक मनश्शेच्या डोक्यावर फोडतं. नातू योशीयानं एवढी साफसफाई केली, तरी आजोबामुळे पेटलेला देवाचा कोप शमला नाही, असं स्पष्ट लिहिलंय.

आता ‘दुसरा इतिहास’, अध्याय ३३ काढा. पहिल्या दहा ओव्या जवळजवळ त्याच. अकराव्या ओवीत मात्र अश्शूरच्या (असिरियाच्या) राजाचे सरदार येतात, मनश्शेला बैलासारखी वेसण घालतात, पितळी बेड्या ठोकतात आणि बाबेलला नेतात. तिथे तो देवापुढे नमतो, गयावया करतो. देव ऐकतो. मनश्शे परत येतो, मूर्ती शहराबाहेर फेकतो, गिहोन झऱ्याच्या पश्चिमेकडून मत्स्यद्वारापर्यंत तटही बांधतो.

अश्शूरचा राजा एसरहद्दोन याच्या लेखात मनश्शेचं नाव सापडतं, पण ते त्याच्या निनवे शहरातल्या बांधकामाला सामान पुरवणाऱ्या २२ मांडलिकांच्या यादीत. बेड्यांचा तिथे उल्लेख नाही. वेसण मात्र हवेतून आलेली नाही. याच एसरहद्दोनाची एक मोठी शिळा आज बर्लिनमध्ये आहे. तिच्यावर दोन कैदी कोरलेत, ओठांतून कड्या ओवलेल्या, आणि दोऱ्या राजाच्या मुठीत.

शिवण मात्र उसवते. त्याच अध्यायात, दहा ओव्यासुद्धा पुढे नाही, मुलगा आमोन ‘बापानं केलेल्या मूर्तींना’ बळी देतो. बापानं तर त्या फेकल्या होत्या ना? आणि ‘राजे’मध्ये मनश्शेनं मंदिराच्या अंगणात बांधलेल्या वेद्या पुढे योशीयालाच फोडाव्या लागतात.

आता योशीयाकडे बघा, अडचण उलटी आहे. इतका चांगला राजा ३९व्या वर्षी मगिद्दोला मारला गेला, इ.स.पू. ६०९ मध्ये. ‘राजे’ एका ओवीत सांगून मोकळं होतं. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो नखो याला सामोरा गेला, त्यानं गाठताच मारला. कारण? काही नाही. ‘इतिहास’ लिहिणाऱ्याला हे गिळवत नाही. त्याच्या पुस्तकात नखो आधी योशीयाकडे दूत पाठवतो, ‘मला देवानं पाठवलंय, आडवा येऊ नकोस.’ योशीया ऐकत नाही, वेष पालटून रणात उतरतो आणि बाण लागून मरतो. देवाचा शब्द आला कुणाच्या तोंडून, तर मिसरच्या फारोच्या!

म्हणजे पापी ५५ वर्षं जगला, तर त्यानं मध्येच माफी मागितलेली असणार. पुण्यवान लवकर गेला, तर त्याचंही काही चुकलेलं असणार. ज्याचा हिशेब त्यानं त्याच्याच हयातीत चुकवायचा, नातवाच्या खात्यावर उधारी चढवायची नाही. मला हा माणूस कधीकधी फार नेटका वाटतो, खऱ्या आयुष्याला न शोभेल इतका. पण तो लिहितोय पारसिकांच्या (इराण्यांच्या) अमलात, बहुधा इ.स.पू. चौथ्या शतकात, बाबेलच्या हद्दपारीतून परतलेल्यांच्या वंशजांसाठी. आजोबांची पापं अजून आपल्याच मानेवर आहेत म्हटल्यावर त्या लोकांनी नव्या मंदिरात जायचं तरी कशाला?

दोन्ही पुस्तकांची शेवटची पानं शेजारी ठेवून बघा. ‘राजे’ संपतं तेव्हा यहूदाचा राजा यहोयाखीन कैदेतून सुटलाय खरा, पण जेवतोय बाबेलच्या राजाच्या पंगतीला. ‘इतिहास’च्या शेवटी पारसिक राजा कोरेश फर्मान काढतो, यरुशलेमला मंदिर बांधायचंय, तुमच्यातल्या ज्याला जायचं असेल त्यानं वर जावं. पुस्तक तिथेच थांबतं.