शाळा बंद करणाऱ्यालाच कर?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात रामा नावाचं एक लहानसं गाव आहे. आसपास नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातीची वस्ती. नवाहो हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला म्हणतात दिने. या वस्तीतल्या मुलांना जवळ पडेल असं एकच सरकारी हायस्कूल होतं, ते राज्याने १९६८ साली बंद केलं. आता पुढे शिकायचं तर घर सोडून लांबच्या वसतिशाळेत जायचं. आणि केंद्र सरकारच्या त्या वसतिशाळा म्हणजे काय, हे जुन्या पिढीने भोगलेलं. केस कापायचे, नाव बदलायचं, तोंडून आपल्या भाषेतला शब्द निघाला की शिक्षा.

मग आई-बापांनीच शाळामंडळ काढलं. सगळे सभासद नवाहो. बंद पडलेल्या त्याच इमारतीत १९७० साली त्यांनी हायस्कूल भरवलं. पुढे वॉशिंग्टनमध्ये खटपट करून पैसे मिळवले आणि पाइन हिलला नवी शाळा बांधायला घेतली. कंत्राटदार बाहेरचा होता, म्हणून राज्याने त्या बांधकामावर कर लावला. तो कंत्राटदाराने भरला खरा, पण पडला मंडळाच्याच खिशावर. म्हणजे पाहा, शाळा बंद करणारे हेच आणि नव्या शाळेतून वाटा मागणारेही हेच! मंडळ राज्यातल्या कोर्टांत हरलं, तरी हटलं नाही. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लिहिलेल्या निकालाचा रोख साधा होता: या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी तुम्ही उचलली नाहीत, मग कर कशाबद्दल?

वॉशिंग्टनचं देणं मात्र फार जुनं. १८६८च्या तहात सहावं कलम आहे. बंदिवासातून मायभूमीकडे परतण्यासाठी नवाहो पुढाऱ्यांनी या तहावर फुलीच्या खुणा केल्या. ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवायची सक्ती, आणि त्या बदल्यात दर ३० मुलांमागे एक शाळाघर नि एक शिक्षक सरकार देणार. सक्ती लक्षात राहिली. शिक्षकांचा हिशेब मात्र कधी जुळला नाही.

१९७५च्या कायद्याने जमातींना आपल्या शाळा कराराने चालवायची वाट सरसकट मोकळी झाली. २००५ साली नवाहो राष्ट्राने, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या सरकारने, स्वतःचाच शिक्षण कायदा करून शिक्षण मंडळ आणि शिक्षण खातं उभं केलं. तरी आजही तिथे एका घरातली दोन भावंडं दोन वेगळ्या सरकारांच्या शाळेत असू शकतात: कुणी केंद्राच्या, कुणी राज्याच्या, कुणी जमातीने चालवलेल्या.

मग नवाहो जमिनीवरच्या राज्याच्या शाळेत नोकरीवरून तंटा झाला तर दाद मागायची कुठे? ॲरिझोनातल्या विंडो रॉक आणि पिनॉन इथल्या शाळांचे कर्मचारी नवाहो कामगार आयोगाकडे गेले. शाळा म्हणाल्या, आयोगाला अधिकारच नाही. २०१७ साली केंद्रीय अपील न्यायालयाने अधिकाराचा अखेरचा फैसला केला नाही. एवढंच सांगितलं, की जमीन नवाहोंची आहे, तेव्हा आधी त्यांच्या दारात जा.