वर आलेला हात

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर चित्रांविषयी बोला, असं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, अहो, दाखवणार कशी? ते म्हणाले, सांगा. तर सांगतो.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यातल्या एका शाळेनं मला भित्तिचित्र स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. अशी बोलावणी येतात, नारळ मिळतो, समोसा मिळतो. विषय होता 'पाण्यापासून सावधान'. वर्गाच्या भिंतीवर पन्नासेक चित्रं टाचली होती. तलाव, विहीर, खाडी, धबधबा, सगळं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात पाण्यातून कोपरापर्यंत वर आलेला एक हात, पाचही बोटं फाकलेली आणि शेजारी लाल अक्षरांत 'वाचवा! वाचवा!'

मुलांना काय म्हणणार? त्यांनी हेच पाहिलंय. सिनेमात पाहिलंय, फलकांवर पाहिलंय. आपलं ठाणं म्हणजे तलावांचं शहर. मासुंदा, उपवन, कचराळी, रेलादेवी, नावं घ्यावीत तेवढी थोडी. येऊरचे ओढे आहेत, खाडी आहे, खाडीपलीकडे नवी मुंबईत खारघरचा पांडवकडा आहे. एवढ्या पाण्याच्या काठाकाठानं फिरलात, तर पोहणाऱ्या माणसाचं आपल्याला एकच चित्र भेटतं. लाल गोल, आत काळा माणूस आणि त्याच्या अंगावरून तिरकी लाल रेघ. खाली 'पोहण्यास सक्त मनाई'.

या रेघेआधी माणसानं पोहणाऱ्याची चित्रं कशी काढली, ते आज सांगायचं आहे.

इजिप्तच्या नैर्ऋत्येला, लिबियाच्या सीमेजवळ गिल्फ केबिर नावाचं पठार आहे. आज तिथं वाळूखेरीज काही नाही. 1933 साली लाझ्लो अल्माशी या हंगेरियन प्रवाशाला तिथल्या एका गुहेत हजारो वर्षांपूर्वीची छोटी माणसं रंगवलेली सापडली. आडवी, हातपाय पसरलेली, तरंगल्यासारखी. त्यानं गुहेला पोहणाऱ्यांची गुहा म्हटलं. काही अभ्यासक म्हणतात, ही पोहणारी नव्हेतच, हे मृतांचे आत्मे आहेत. असतीलही. मला एवढंच वाटतं, की आत्मा कसा जातो हे दाखवायला चित्रकाराला पाण्यातलंच शरीर आठवलं असेल, तर त्यानं ते आधी नीट पाहिलेलं असणार.

दक्षिण इटलीत पेस्टम इथं 1968 साली एक थडगं उघडलं. काळ इसवी सनापूर्वी 470च्या आसपासचा. झाकणाच्या दगडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर येईल अशा जागी, सूर मारणारा एक तरुण रंगवला आहे. तो पाण्यात पडलेला नाही, पडतोय. इथंही पोहणं आणि मरणं शेजारी शेजारी आहेत, पण त्या चित्रात भीती औषधालासुद्धा नाही.

मला जास्त जवळचं वाटतं ते प्राचीन असिरियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, निमरुदच्या राजवाड्यातलं कोरीवकाम. आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असुरनसिरपाल दुसरा या राजाच्या काळातलं, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातलं. काठावरून धनुर्धारी बाण सोडतायत आणि खाली नदीतून माणसं जीव घेऊन पोहतायत. एक जण मोकळा हात मारतोय. बाकीच्यांच्या पोटाखाली फुगवलेली जनावराची कातडी आहेत, आपल्या पखालीसारखी, आणि पोहता पोहता ते त्यात तोंडानं हवा भरतायत! हे पाहिलं आणि मला आपल्या विहिरीवरची पोरं आठवली. पाठीला डबा बांधलेली. कुणाला पत्र्याचा डबा, कुणाला वाळलेला भोपळा, कुणाला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा. अडीच-तीन हजार वर्षांत डब्याचा पत्रा बदलला, युक्ती तीच.

डब्यावरून सोहनी आठवते. पंजाबातली कुंभाराची मुलगी, पालथ्या घड्याच्या आधारानं रोज रात्री चिनाब पार करून प्रियकराला भेटायला जाणारी. एका रात्री तिच्या नणंदेनं भाजलेल्या घड्याच्या जागी कच्चा घडा ठेवला, तो पाण्यात विरघळला आणि सोहनी बुडाली. अठराव्या शतकातल्या उत्तरेतल्या चित्रकारांनी हे चित्र पुन्हा पुन्हा काढलं. काळं पाणी, त्यात उजळ अंग आणि काखेत घडा. आपल्याकडच्या चित्रांत पाण्यातल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, यमुनेत गोपी आहेतच, पण त्या बहुधा कंबरभर पाण्यात उभ्या असतात. सोहनी खरोखर पोहते. लोक हे प्रेमाचं चित्र म्हणून बघतात. मी ते दर उन्हाळ्यात बाजारात येणाऱ्या हवेच्या रबरी बदकांविषयीचं चित्र म्हणूनही बघतो. आधाराची चीज कच्ची असली, की पोहणं येत असलं तरी घात होतो.

आता मनाईकडे येतो. ती आपण शोधून काढलेली नाही. 1571 साली केंब्रिज विद्यापीठाच्या कुलगुरूंनी हुकूम काढला, की विद्यार्थ्यानं नदीत, तळ्यात, कुठल्याही पाण्यात उतरायचं नाही. पहिल्यांदा सापडला तर सगळ्यांदेखत फटके, दुसऱ्यांदा सापडला तर विद्यापीठातून हकालपट्टी. बुडून मरणारी मुलं हे कारण होतंच. त्यानंतर 16 वर्षांनी, 1587 साली, त्याच केंब्रिजच्या एव्हरर्ड डिग्बी नावाच्या विद्वानानं पोहण्यावर लॅटिन ग्रंथ छापला आणि त्यात लाकडी ठशांची 40हून जास्त चित्रं घातली. पाण्यात उतरावं कसं, उताणं कसं व्हावं, उभ्यानं कसं पोहावं, वळावं कसं. प्रत्येक चित्रात तीच नदी, तीच झाडं, काठावर कुणाचे तरी काढलेले कपडे आणि मधे एक उघडा माणूस ते ते करून दाखवतोय. एका चित्रात तर तो पाण्यात उताणा पडून चाकूनं पायाची नखं कापतोय! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकटाच हसलो होतो. पण गंमत सोडा. पाण्याची एवढी सवय व्हावी, की माणसाला नखं सुचावीत, हा त्यातला मुद्दा आहे. एकाच गावात, एकाच भीतीपोटी, कुलगुरूंनी फटके काढले आणि डिग्बीनं चित्रं काढली.

पुढे सरकारंही या दोन वाटांनी गेली. न्यूयॉर्क शहरानं 1936च्या एका उन्हाळ्यात एकामागून एक 11 मोठे सार्वजनिक तरणतलाव उघडले आणि 1940च्या सुमारास भित्तिपत्रकं लावली, 'पोहायला शिका, सर्व वयांसाठी वर्ग'. ब्रिटननं 1973 साली मुलांसाठी दीड मिनिटाचा सरकारी प्रचारपट काढला. त्यात डोक्यावरून काळी टोपी ओढलेला, चेहरा नसलेला मृत्यू डबक्याकाठी उभा राहून मुलांची वाट बघतो. ती पिढी आज म्हातारी व्हायला आली, पण त्या मृत्यूच्या आवाजाला अजून घाबरते म्हणतात. मुलं डबक्यापासून लांब राहिली असतील, पण त्यानं पोहायला कुणी शिकलं नसणार.

आपल्याकडेही पाण्याचं एक चित्र फार कामाला आलं होतं. नारू आठवतो का? जुन्या श्रोत्यांना आठवेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत निघायचा. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की जंत पाण्यात अळ्या सोडायचा, त्या सूक्ष्म जलकीटकांच्या पोटात जायच्या आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू निघायचा. देशातल्या सात राज्यांत हा रोग होता, आपला महाराष्ट्र त्यात होता. त्याविरुद्धच्या प्रचाराचा गाभा दोन साध्या गोष्टींत होता. जखमेचा पाय पाण्यात घालू नका, पाणी फडक्यानं गाळून प्या. शेवटचा रोगी 1996 साली आढळला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. औषध नव्हतं, लस नव्हती. पायविहिरी बंद करणं, पंप बसवणं, घरोघर शोध, हे सगळं होतंच, पण त्याबरोबर बाईच्या हातात काय द्यायचं हे सांगणारं चित्र होतं. फडकं.

बुडण्याच्या बाबतीत आपण हातात काहीच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली. त्यांतली दहातली नऊहून जास्त आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. ही संघटना उपाय सांगते त्यात पाण्याला कुंपण घालणं आहे, लहानग्यांवर लक्ष ठेवायला पाळणाघरं आहेत, शाळकरी मुलांना पोहणं शिकवणं आहे, आणि काठावरच्या माणसाला वाचवायचं कसं ते शिकवणंही आहे.

काठावरचा माणूस म्हणजे तुम्ही-आम्ही. आणि आपण वाट कशाची बघतो? वर आलेल्या हाताची.

न्यूयॉर्कच्या एका किनाऱ्यावर फ्रँक पिया नावाचा जीवरक्षक होता. त्यानं 1970च्या दशकात खरोखर बुडणाऱ्या माणसांचं चित्रण करून ते बारकाईनं पाहिलं. बुडणारा माणूस हात हलवत नाही. ओरडत नाही. त्याचे दोन्ही हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, तोंड क्षणभर वर येतं, घाईनं श्वास घेतो न घेतो तोच, हाक मारायच्या आत परत खाली जातं. शरीर उभं, पाय जवळपास थांबलेले. हे 20 ते 60 सेकंद चालतं. शेजारच्याला वाटतं, खेळतोय.

आता त्या शाळेतलं राहिलेलं सांगतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलीच्या चित्रात हात नव्हता. नुसतं डोकं. मागे कललेलं, केस कपाळावर चिकटलेले, उघडं तोंड पाण्याच्या रेषेवर. मागे काठावर माणसं भेळ खातायत. मी तिला म्हटलं, "बाळ, तो बुडतोय हे कळत नाही गं." ती म्हणाली, "सर, कळत नाहीच." मी तिला उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही. फ्रँक पियाचं मी त्यानंतर वाचलं. शाळेत फोन केला, तर निकाल लागून बक्षिसं वाटून झाली होती.

तेव्हा हे माझ्या खर्चानं सांगतो. पाण्यात कुणी उभ्यानं गप्प दिसलं, तर विचारा, "ठीक आहे ना रे?" उत्तर आलं नाही, तर हाका मारून माणसं जमवा. तुम्ही पट्टीचे पोहणारे असलात, तरी बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात, म्हणून आधी दोर, ओढणी, बांबू, जे असेल ते टाका. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावलेला, डोकं पाण्यावर ठेवायला पुरतो. तोच आपला डबा. सहलीला जाताना गाडीत असू द्या.

आणि एक कबुली. ठाण्यात जन्मून, तलावाकाठी वाढून, मला पोहता येत नव्हतं. "पोहणारेच बुडतात," असं म्हणून आईनं शपथ घातली होती, ती मी साठीपर्यंत पाळली. त्या स्पर्धेनंतर पालिकेच्या तरणतलावावर सकाळची सहाची बॅच लावली. शिकवणारा मुलगा माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, मला "काका, पोट वर, पोट वर" म्हणत असतो. पहिला महिना नाकातोंडात पाणी गेलं. आता उताणा पडून आकाश बघता येतं. परवा धीर करून डिग्बीच्या चित्रासारखा उजवा पाय छातीकडे ओढून पाहिला. नखापर्यंत हात पोचायच्या आत गटांगळी खाल्ली.