वाढीचा निरोप आणि कर्करोगाची पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

बोट कापलं की रक्तातल्या प्लेटलेट तिथं वाढघटक सोडतात. हे वाढघटक म्हणजे छोटी प्रथिनं. आसपासच्या पेशींना ती विभाजनाचा निरोप देतात. जखम भरत आली की निरोप ओसरतो आणि पेशी थांबतात. कर्करोगाच्या पेशीत बिघडतं ते हे थांबणं.

ईजीएफ हा वाढघटक जेमतेम ५३ अमिनो आम्लांचा. तो पेशीच्या बाहेरूनच रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. मग दोन रिसेप्टर जोडीनं येतात, आतल्या टोकांवर फॉस्फेट चढतं आणि निरोप रास नावाच्या प्रथिनाकडं जातो. रासला जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू चिकटला की बटण चालू, तो तुटून जीडीपी झाला की बंद. पण रासमधलं १२व्या जागेवरचं ग्लायसीन हे अमिनो आम्ल बदललं, तर जीटीपी तुटतच नाही आणि बटण चालूच राहतं. म्हणून पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सेटुक्सिमॅब देण्याआधी रासची तपासणी झालीच पाहिजे. हे औषध वरचा रिसेप्टर झाकतं, बिघाड खाली रासमध्ये असेल तर त्याचा उपयोग नाही.

स्तनाच्या काही कर्करोगांत मात्र हर-टू नावाच्या रिसेप्टरचीच गर्दी होते. इतकी, की निरोपाविनाच जोड्या जमतात. गाठीत हर-टू किती आहे ते सांगणाऱ्या अहवालात ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ० आणि १+ निगेटिव्ह. २+ म्हणजे निकाल लागलेला नाही. तिथं हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करून घ्या, अंदाजावर राहू नका. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावात जायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. उशीर झाला तर प्रथिन खराब होतं आणि पॉझिटिव्ह गाठही निगेटिव्ह दिसू शकते. एवढ्याशा ढिलाईनं रुग्णाचं ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध हुकतं, याची मनाला फार टोचणी लागते.

टीजीएफ-बीटा या वाढघटकाची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला तो पेशींना आवरतो. पुढं पेशी त्याचा लगाम झुगारतात आणि त्याच निरोपावर त्यांना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी करतात. मग त्या सुट्या होऊन पसरू लागतात.

गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडं वाढायची तर तिला रक्त लागतं. त्यासाठी ती व्हीईजीएफ हा वाढघटक सोडून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. बेव्हॅसिझुमॅब हे औषध हा निरोप अडवतं, पण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान २८ दिवस ते बंद ठेवतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही किमान २८ दिवस जाऊन जखम पुरती भरल्याशिवाय ते पुन्हा देत नाहीत.