चक्कर एक, चाचण्या अनेक

अंधारी खोली. रुग्ण उताणा झोपलाय, डोकं तीस अंश वर उचललेलं, डोळ्यांवर कॅमेरा बसवलेला चष्मा. कानात ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडलं जातं. थोड्याच वेळात डोळे आपोआप एका बाजूला सरकतात, झटक्यानं परत येतात, पुन्हा सरकतात. रुग्णाला वाटतं, आपण गरगर फिरतोय.

ही कॅलरिक चाचणी, चक्करेचं मूळ आतल्या कानात आहे का हे बघणारी. आधी शरीरापेक्षा सात अंश गरम पाणी, मग सात अंश गार, म्हणजे ३० अंशांचं. त्यानं आतल्या कानातल्या आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेतला द्रव हलतो आणि डोकं वळत असल्याचा निरोप मेंदूला जातो. या प्रतिक्रियेचा उलगडा करणारे रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. दोन कानांच्या प्रतिसादात साधारण २५ टक्क्यांहून जास्त तफावत आढळली, तर एक बाजू कमजोर मानतात.

पण पाण्यानं होणारी ही हालचाल अतिशय संथ असते. हाक ऐकून आपण मान वळवतो, ती किती झटकन!

त्या वेगाची परीक्षा हेड इम्पल्स चाचणी घेते. सिडनीच्या हाल्मागी आणि कर्थॉइज यांनी ती १९८८ मध्ये मांडली. रुग्ण समोरच्या ठिपक्याकडे बघतो, तपासणारा त्याचं डोकं अचानक थोडंसं वळवतो. कान निरोगी असेल तर नजर ठिपक्यावरच राहते. नसेल तर डोळे डोक्याबरोबर जातात आणि उडी मारून परततात. कधी ही उडी डोकं फिरत असतानाच होते, साध्या नजरेला दिसत नाही. व्हिडिओ चष्म्याला दिसते. शिवाय दोन्ही कानांच्या सहाही नलिका तपासता येतात.

मग कॅलरिक बंद करायची का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. मेनियरच्या आजारात, म्हणजे आतल्या कानाच्या एका विकारात, कॅलरिक कमजोर आणि हेड इम्पल्स नॉर्मल, असं अनेकदा दिसतं. अशा वेळी एक रिपोर्ट चुकीचा ठरवायची घाई नको. ही विसंगतीच निदानाचा धागा असते.

नलिकांपलीकडे गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली गती ओळखणाऱ्या दोन पिशव्याही आहेत. त्यांच्यासाठी व्हेम्प: कानात मोठा आवाज देऊन मानेच्या किंवा डोळ्यांखालच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अचानक सुरू झालेली चक्कर तासन्‌तास थांबत नाही, डोळेही हलताहेत, आणि हेड इम्पल्स मात्र नॉर्मल. इथे नॉर्मल म्हणजे धोका. कान ठीक असेल तर दोष मेंदूत, कदाचित पक्षाघाताचा. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयलाही असा झटका निसटू शकतो. म्हणून चक्कर चालू असतानाच, प्रशिक्षित हातांनी केलेली ही तपासणी जीव वाचवू शकते.

आणि कूस बदलताना काही सेकंदच गरगरतं, त्यांचं काय? वरच्या सगळ्या चाचण्या त्यांच्या बाबतीत नॉर्मल येऊ शकतात. त्यांना डिक्स-हॉलपाइक हवी: बसलेल्या रुग्णाची मान वळवून त्याला पटकन आडवं करायचं आणि डोळे बघायचे. नलिकेत शिरलेले कॅल्शियमचे कण इथे पकडले जातात. मग त्याच पलंगावर एप्लीची क्रिया करून, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून, ते नलिकेबाहेर काढता येतात, कुठल्याही यंत्राशिवाय.